दोनदा निवलेला दगड

आनंद झाला की माझ्या हातून काहीतरी सांडतंच. त्या दुपारी विट्याच्या घरी मी चहा सांडला, तोही थेट वडिलांच्या पायजम्यावर, आणि वर हसत सुटले.

मी उल्कांवर संशोधन करते. माझ्या वाट्याला आलेला दगड दुर्मीळ, पृथ्वी पुरती घडण्याआधीच्या कुठल्याशा ज्वालामुखीतला. तो ज्वालामुखी ज्या जगावर होता ते बहुधा केव्हाच फुटून गेलं. दगडाची कागदाहून पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की काही स्फटिक ठसठशीत दिसत, म्हणजे सावकाश निवलेले. बाकीचे अगदी बारीक, झटक्यात गोठलेले. माझ्या मार्गदर्शक मॅडमना वाटे, हे दोन वेगळे दगड टकरीत चिकटले असावेत. तसं असेल तर माझं दोन वर्षांचं काम पाण्यात. उद्या सकाळी ऑनलाइन बैठकीत उत्तर द्यायचं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, तीस वर्षं परमुलखात भट्टीवर, मुशीत वितळवून सोनं गाळलं. दिवाळीत दुकान बंद करून घरी आले, तेव्हापासून पाहुण्यासारखे बसून असत. चहा घेताना त्यांची नजर माझ्या लॅपटॉपवरच्या चकतीच्या फोटोवर गेली.

"मूस भट्टीतच ऱ्हायली जनू," ते म्हणाले.

"कुठली मूस, आबा?"

"आगं, मुशीत सावकाश निवलं की दाना मोठा धरतो. मग उरलेला रस गार साच्यात वतला, त्यो तितंच बारीक गोठला. माल येकच हाय. दोनदा निवलाय."

चहा सांडला तो तेव्हा. मोठे स्फटिक जमिनीच्या पोटात वाढले, मग ज्वालामुखीनं सगळं बाहेर ओतलं! माल एकच असेल तर मोठ्या स्फटिकांच्या कडांमधली मूलद्रव्यं बारकांशी जुळायला हवीत. मोजमापं लॅपटॉपमध्ये पडून होती, मीच कधी शेजारी मांडली नव्हती. मांडली. जुळली. मी आबांना धरून गिरकी घेतली, ते "कंबर गं, कंबर" म्हणत फिरले. आई म्हणाली, "दोगंबी येडी झाली."

सकाळी मॅडमना पटलं. हे सुचलं कसं, त्यांनी विचारलं. मी लॅपटॉप आबांकडे वळवला. त्यांनी टोपी सारखी करून नमस्कार केला.

"काका, असाच अजून एक दगड आहे आमच्याकडे. बघाल का?"

"बगतो की," आबा म्हणाले. मग आत गेले, आणि दिवाळीपासून ट्रंकेत पडलेलं भिंग पुसत बाहेर आले.