दिवाळीतलं मीठ

आमच्या सेवा क्लबचं वर्ष सुट्ट्यांवर चालतं. गणपतीत निर्माल्य गोळा करणं, दिवाळीत रुग्णालयात फराळ, नाताळात उत्तनच्या किनाऱ्यावर सफाई. कोण कुठे उभं राहणार, झाडू कोण आणणार, पाण्याचे कॅन कुठल्या रिक्षातून जाणार, हे मी ठरवते. मीरा रोडच्या सोसायट्यांतल्या नोकरदार माणसांना एरवी वेळ नसतो, पण सुटीत नेमून दिलेलं काम ती मनापासून करतात. त्यांना फक्त नेमून द्यावं लागतं.

त्या दिवाळीत अध्यक्षांनी एक काम जोडलं: आपलंच शहर बघायची सहल. दोन मिनिबस. एक सकाळी मुर्धा गावातलं मिठागर बघून घोडबंदरच्या किल्ल्यावर जाणार, दुसरी किल्ला बघून जेवणानंतर मिठागरावर येणार. “लोक लोणावळ्याला धावतात. भाईंदरमध्ये बघण्यासारखं काय आहे, ते भाईंदरवाल्यालाच माहीत नाही,” ते म्हणाले. ते खरंच होतं.

मिठागर म्हणजे मुर्ध्याच्या एका आगरी काकांकडे उरलेला तुकडा. आजूबाजूचे सगळे तुकडे कधीच बुजले होते. काकांचा मुलगाही हा तुकडा भराव टाकायला द्यायच्या मागे होता. काकांनी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. शहरातली माणसं बघायला आली, पुढेही येतील असं दिसलं, तर तुकडा राहील. नाही तर मुलगा म्हणेल तसं. बांधावर उभं राहून त्यांनी मला हे सांगितलं आणि विचारलं, “कवा आनताय मानसं?”

“दिवाळीत.”

काका हसले. “बाय, दिवालीत मीठ आसतं काय? पाऊस आताशी गेलाय. तल तुडवायचा हाय, मंग खाडीचं पानी घ्यायचं, मंग ऊन खाऊ द्यायचं. होलीच्या आदी आना. पांढरं सफेत दावतो.”

मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, नाही तर मिठात माती येते, हे मला तेव्हा कळलं. काका रोज सकाळी एकटेच ते करत होते.

बैठकीत मी त्यांचं म्हणणं सांगितलं. “होळीच्या आधी परीक्षा असतात,” एक सभासद म्हणाल्या. “कोण येणार?”

“मॅडम, मिठालाच सांगा ना, जरा लवकर ये म्हणून,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. मग ते गंभीरपणे म्हणाले, “जाडं मीठ पोत्यानं मिळतं. वाफ्यात पसरू. फोटो में सफेद दिखना चाहिए, बस.”

जमीन ओली आहे, मी म्हणाले. कुणी मनावर घेतलं नाही. काकांना विचारायचं काम माझ्याकडे आलं.

काका खाडीकडे वळले. “माज्या आगरात दुकानचं मीठ,” ते म्हणाले. आणि मग, “पसरा. मानसं तरी येऊ द्या. पोरगा बगतोय.”

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही सकाळीच पुढच्या वाफ्यात मीठ पसरलं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पहिली बस आली. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन काकांनी मीठ ओढून दाखवलं, छोटे ढीग केले. टाळ्या पडल्या. मग लोक बुटांसकट वाफ्यात उतरले, फोटोसाठी. मी शिट्टी वाजवत होते, “बांधावरून, बांधावरून!” पण पांढऱ्यात उभं राहिल्याशिवाय फोटो कसला? तुडवून घट्ट केलेला तळ टाचांनी फुटत गेला आणि खालून पाणी वर आलं.

दुसरी बस जेवणानंतर आली. तोवर मीठ विरघळून गेलं होतं. उरला होता तपकिरी रेंदा.

“मीठ कुठाय?” एका बाईंनी विचारलं.

आमचा एक उत्साही स्वयंसेवक धावत गेला, टेम्पोत उरलेलं पोतं खांद्यावर घेऊन आला आणि सगळ्यांसमोर त्याचं तोंड कापलं.

काकांचा मुलगा मोटरसायकल लावून केव्हापासून रस्त्याकडेला उभा होता. तो पुढे आला. “बाबा, कंच्या दुकानातना आनलं?”

बसमधले लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. काका फावडं धरून उभे होते. ते तळाकडे बघत होते.

निघताना मुलगा माझ्याजवळ आला, अगदी अदबीनं. “मॅडम, बरं झालं तुमी आलात. आता बाबा काय बोलनार न्हाय मला.”

आम्ही माणसं मोजून बस भरली, कचरा उचलला, रिकामी पोती घडी करून परत नेली. क्लबच्या ऑनलाइन पानावर मात्र फोटो झकास दिसत होते. खाली कुणीतरी विचारलं होतं, हे कच्छला आहे का?

होळीच्या आधी, एका बुधवारी, सहलीसाठी लावलेली क्लबची पाटी काढायला मी एकटीच मुर्ध्याला गेले. मुख्य रस्त्यावर मिठागराकडे बाण दाखवणारी ती पाटी अजून उभी होती. बाणाच्या दिशेनं डंपर जात होते. निम्मा तुकडा भरला होता: विटा, फरशा, कुणाच्या तरी जुन्या न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे त्या दिवशी कुणी उतरलं नव्हतं, पाणी आटून मीठ धरलं होतं. पांढरं, आणि मध्ये मध्ये गुलाबीसर.

काका त्याच्या कडेला चपला काढून बसले होते. मला बघून त्यांनी हातानं दाखवलं. “झालं बग, बाय. आना तुमची मानसं.”

मी बाजूला जाऊन अध्यक्षांना फोन लावला. सांगितलं, की खरं मीठ आहे, या आठवड्यातच बघता येईल, दहा माणसं आली तरी चालतील.

“मॅडम, परीक्षा चालू आहेत,” ते म्हणाले. “मे महिन्यात बघू ना. सुटी आहे तेव्हा.”

“काय बोलले?” काकांनी विचारलं.

“मेमध्ये बघू म्हणतात.”

त्यांनी मान हलवली. मागून डंपर उलटा येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. काकांनी चपला उचलून हातात घेतल्या आणि ते बाजूला झाले. मीही झाले.