चौथी फैर

मडी फोर्क गावात कोणी वारलं की दफनभूमीवर तंबू आणि खुर्च्या नेण्याचं काम डेल्मर स्ट्राउडचं. त्याला कोणी नेमलेलं नाही. वडील नेत, म्हणून तो नेतो. कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात तो पाळीवर असतो, पण तिथे त्याच्यासारखे पुष्कळ. तंबू ओढणारा गावात एकच. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे ऑर्व्हल टीग भर गर्दीत त्याला मान लववून खूण करतात, आणि तेवढ्यावर डेल्मरचा महिना निघतो.

या वसंतात त्याने आपल्या पिकअप ट्रकला हेडर बसवले. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या. कंपनीच्या ओबडधोबड बिडाच्या नळीच्या जागी त्या लावल्या की इंजिनाची ताकद वाढते, असं म्हणतात. खुर्च्यांची जुन्या ताकदीबद्दल काही तक्रार नव्हती. पण गावातला मेकॅनिक "कशाला नसता उद्योग" म्हणाला, आणि मग माघार घेणं शक्य राहिलं नाही. डेल्मरने अंगणातच, स्वतःच्या हाताने नळ्या चढवल्या. आमच्याकडे ज्याने ट्रकला स्वतः हात लावला तो नंतर मेकॅनिककडे जात नाही. त्यापेक्षा घटस्फोट सोपा.

काही दिवसांत ट्रक आचके देऊ लागला. पेट्रोल दुप्पट पिऊ लागला. काट्यांशेजारचा पिवळा दिवा लागला तो विझेना. तेव्हा डेल्मर ट्रक घेऊन टेकड्या ओलांडून पशुखाद्याच्या दुकानावर गेला. तिथे सकाळी कॉफीचे कप घेतलेली मंडळी दुसऱ्यांच्या इंजिनांवर ओणवी असतात.

"स्पार्क प्लग," हॉइट म्हणाला. निवृत्त झाल्यापासून हॉइट प्रत्येक गाडीला स्पार्क प्लगच सांगतो.

"प्लग कुठले, सेन्सर गेलाय," कर्टिस म्हणाला. "माझ्या मेहुण्याच्या गाडीचं अगदी हेच झालं होतं."

"ती शेवटी भंगारात गेली ना?"

"गेली. पण सेन्सर नवा होता."

डेल्मरने प्लग बदलले, मग सेन्सर, मग प्लगच्या वायरी, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक नव्या वस्तूनंतर तो ट्रक दुकानावर नेई, मंडळी कान देत आणि म्हणत, "बराच सुधारलाय रे." दुसऱ्या सकाळी घरी पुन्हा आचके.

"सकाळी सुरू केलास की टिकटिक करतो तो," बायको व्हर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

"हेडरचा आवाज तसाच असतो."

"मग दुकानावर करतो का?"

"तिथे नाही करत."

"म्हणजे हेडर चारचौघांत लाजतात."

डेल्मरने ही साक्ष दुकानावर सादर केली नाही.

मग गावातला हार्लन मेब्री वारला. हार्लन सैन्यात होता, म्हणून माजी सैनिकांच्या पथकाने थडग्याशी रिवाजाप्रमाणे मानवंदनेच्या तीन फैरी झाडल्या. त्यानंतर बिगुल सुरू झाला. हार्लनची थोरली बहीण एडना चाकांच्या खुर्चीत होती. तिची वाट डेल्मरच्या ट्रकने अडवलेली. टीगनी खूण केली. प्रार्थना पूर्ण होईपर्यंत थंड पडलेला ट्रक डेल्मरने सुरू केला, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की पथकातल्या एका म्हाताऱ्याने बंदूक पुन्हा खांद्याला लावली. बिगुलवाला मध्येच थांबला.

"किती झाल्या?" एडनाने विचारलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते.

"चार, एडनाआजी," कोणीतरी म्हणालं.

"चार? तो तर सैन्यात स्वयंपाकी होता."

लोक पांगल्यावर टीग डेल्मरजवळ आले. "पुढच्या वेळेपासून तंबू लॉनी आणेल. त्याची व्हॅन आहे. आवाज करत नाही."

दुसऱ्या सकाळी डेल्मर कामावर गेला नाही. व्हर्लीनला बाजारात जायचं होतं, म्हणून चावी तिने घेतली. ट्रक तिने सुरू केला आणि डेल्मर पहिल्यांदाच थंड इंजिनाच्या समोर, बाहेर उभा होता. एरवी तो आत बसलेला असे आणि रेडिओ चालू असे. टिक टिक टिक. नळ्या जिथे इंजिनाला जोडल्या होत्या, तिथून.

त्याने पाना आणला. बोल्ट ढिले होते. एक तर बोटांनी फिरला. फटीतून हवा आत जात होती. सेन्सरला वाटे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून इंजिन आणखी पेट्रोल ओती, आणि न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेट घेई. टेकड्या ओलांडून दुकानावर पोहोचेपर्यंत लोखंड तापून फुगे आणि फट मिटे. दुकानातल्या मंडळींनी जन्मभर या ट्रकचं तापलेलं इंजिनच ऐकलं असतं. हेडर बसवले की एकदा तापवून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण "बोल्ट आवळलेस का?" असं एका मोठ्या माणसाला कोण विचारणार. ती शिवी झाली असती.

डेल्मरने सांध्यात फट बुजवणारी नवी गॅस्केट घातली, बोल्ट आवळले, इंजिन तापवलं, थंड केलं, पुन्हा आवळले. मग टीगना घरी बोलावलं. सकाळी, ट्रक थंड असताना.

टीग काळ्या कोटात आले आणि बॉनेटसमोर हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. ट्रक सुरू झाला. टिकटिक नाही, बार नाही.

"पुन्हा," टीग म्हणाले.

"थंड व्हायला वेळ लागेल."

"मला घाई नाही. माझ्या धंद्यात कोणालाच नसते."

व्हर्लीनने मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि त्यांवर पांढरी ग्रेव्ही वाढली. टीगनी दोनदा घेतली. ट्रक पुन्हा सुरू झाला, पुन्हा शांत.

"ठीक आहे," टीग रुमालाने तोंड पुसत म्हणाले. "साध्या लोकांच्या दफनाला तंबू तू आण. सैन्यातल्यांच्या दफनाला लॉनी. तिथे मी धोका पत्करणार नाही."

डेल्मर सरळ दुकानावर गेला. इंजिन ऐकून हॉइटने कप उंचावला. "म्हटलं होतं ना, प्लग."

"सेन्सर," कर्टिस म्हणाला.

"दोन्ही होतं," डेल्मर म्हणाला. त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. "हॉइट, तू कधी सैन्यात होतास?"

"तळपाय सपाट. घेतलं नाही मला. का?"

"काही नाही," डेल्मर म्हणाला, आणि त्याने हॉइटचा कप काठोकाठ भरून दिला.