तोंड बघून गाणं ऐकणारा

आमचे हे दात करतात. काढत नाहीत, भरत नाहीत, नुसते करतात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि घरातल्या मागच्या खोलीत बसून हे त्यावर कवळी बनवतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवले होते. यांनी माझी ओळख करून दिली. "हे पोस्टमास्तर, या त्यांच्या मिसेस आणि कोपऱ्यातल्या आजी, त्या जरा तिरक्या चावतात." पुढे पोस्टमास्तर खरोखरचे भेटले तेव्हा मला त्यांच्याशी धड बोलता येईना. नजर सारखी त्यांच्या तोंडाकडे जायची.

यांचं दुसरं वेड म्हणजे ब्लूज आणि रॉकचे सिनेमे. गोष्टीचे नव्हेत. कुठल्या तरी बँडच्या कॉन्सर्टचं चित्रीकरण, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या गिटारवाल्यावरची डॉक्युमेंटरी. याची सुरुवातही दातांपासूनच झाली. कवळी घातलेला माणूस बेताने हसतो तोवर सगळं छान दिसतं, खरी परीक्षा तो जबडा फाडून ओरडतो तेव्हा. आता यांच्यासमोर जबडा फाडून ओरडायला माझ्याशिवाय कोणी तयार नव्हतं, आणि मी ओरडत असताना माझ्या दाढांचं निरीक्षण करायची यांची हिंमत नव्हती. तेव्हा एका मित्राने एका कॉन्सर्टची सीडी आणून दिली. पडदाभर गाणाऱ्याचं तोंड, पडजिभेपर्यंत. हे गेले दात बघायला आणि कायमचे अडकले गाण्यात.

मी नोकरी करते ती लायब्ररीत. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं हे माझं काम, आणि दमून घरी यावं तर मागच्या खोलीत ड्रम चालू. सुरुवातीला मी पुष्कळ नाक मुरडलं. पण यांच्याबरोबर बसून बघायला लागले आणि हळूहळू मीही त्यात अडकले. कारण हे गाणं ऐकत नाहीत, हे गाणं बघतात. यांचं ठाम मत आहे की गिटार बोटांनी वाजतच नाही, ती तोंडाने वाजते. वरचा सूर ताणला की वाजवणाऱ्याच्या भुवया कपाळात जातात आणि खालचा ओठ दातांखाली येतो. ड्रमवाल्याचं तोंड अर्धवट उघडं असतं. बेसवाला मात्र बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा तोंड मिटून शांत. "त्याच्या दाढा शंभर वर्षं टिकणार," हे म्हणतात.

शिवाय गर्दी. कॉन्सर्टच्या सिनेमात मधेमधे प्रेक्षक दाखवतात, त्यातला एक माणूस हे सुरुवातीलाच हेरून ठेवतात आणि शेवटपर्यंत त्याची काळजी वाहतात. "बघ, मघाशी याच्या नाकावर चष्मा होता. आता नाही." पुढे दोन गाणी आमचा जीव त्या चष्म्यात. मग एकदम कोणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांवर तो दिसतो आणि हे समाधानाने पाय लांब करतात. डॉक्युमेंटरीमध्ये कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून दोन थकलेले वाजवणारे, चाळीस वर्षांपूर्वी गिटारची तार कोणी तोडली यावरून भांडत असतात, ती भांडणं यांना तोंडपाठ आहेत. रिमोटच्या बटणांवर सगळीकडे यांच्या बोटांचं, कवळीच्या हिरड्या घडवायचं गुलाबी मेण. शेवटी नावं सरकायला लागली तरी उठायचं नाही. का, तर एवढी माणसं राबली आहेत आणि आपण तोंड फिरवून चहाला जायचं, हे बरं दिसत नाही.

माझ्या बाबांशी यांचं जमलं तेही या सिनेमांमुळेच. बाबा शाळेत पीटीचे सर होते. तोंडात शिट्टी, खिशात माउथ ऑर्गन, पाठ ताठ. लग्नानंतर पहिली काही वर्षं सासऱ्या-जावयाचं बोलणं "काय जावईबापू, बरं आहे ना?" आणि "हो बाबा, तुमचं?" याच्या पुढे सरकलं नव्हतं. एका रविवारी दुपारी आईबाबा आमच्याकडे आले असताना मागच्या खोलीत डॉक्युमेंटरी चालू होती आणि पडद्यावर कोणीतरी माउथ ऑर्गन वाजवायला लागला. बाबा दारात थबकले. खिशातून आपला काढला आणि हळूच त्याच्या मागे मागे सूर शोधायला लागले. यांनी मेणाची सुरी खाली ठेवली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाबा हजर. सिनेमात माउथ ऑर्गन आला की बाबा वाजवणार, हे टेबलावर बोटांनी ठेका धरणार, आई आणि मी शेंगदाणे सोलत बसणार. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी कोणत्या, असं कोणी विचारलं तर मी याच सांगेन.

मग बाबांचे दात गेले. हिरड्यांचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी सगळे काढायला सांगितले. दात काढल्यापासून कवळी येईपर्यंतचे दिवस बाबा तोंडावर रुमाल बांधून वावरले आणि घरातल्या घरात चिठ्ठ्या लिहून बोलले. कवळी आल्यावर ती धुवायला जायचे तेही बाथरूमला आतून कडी लावून. आई म्हणायची, "इतकी वर्षं संसार केला, पण यांचं बोळकं काही मला दिसलेलं नाही." खुद्द जावयाने बाबांचं बोळकं पाहिलं ते प्लास्टरमध्येच.

कवळीत यांनी जीव ओतला होता. पुढचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला, कारण बाबांचा मूळचा तसा होता. आरशात बघून बाबा म्हणाले, "अरे, हा तर मीच." त्या कवळीने बाबा सफरचंद चावून खायचे आणि मैदानापलीकडे ऐकू जाईल असं बोलायचे. फक्त एक गोष्ट यांच्या ध्यानात आली नव्हती. माउथ ऑर्गन फुंकून वाजतो तसा श्वास आत ओढूनही वाजतो. साध्या गाण्याला फुंकर पुरते, पण ब्लूजची सगळी मजा ओढण्यात आहे. ओढता ओढता जीभ मागे घेतली की सूर वाकतो. आणि वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती हवेच्याच जोरावर. रविवारी बाबांनी जोरात श्वास ओढला आणि वरची कवळी सुटून माउथ ऑर्गनवर आपटली. खट्ट. सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही असं दाखवलं. बाबांनी तोंडावर हात धरून ती सारखी केली, माउथ ऑर्गन खिशात टाकला आणि उरलेला सिनेमा खिडकीबाहेर बघत काढला.

पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी कोणी पाहुणे येणार होते. नंतर कारणं द्यायचंही बाबांनी सोडून दिलं. आईने फोनवर सांगितलं, माउथ ऑर्गन कपाटात गेला. हे ऐकून यांचा चेहरा जो पडला तो पडलाच. "माझ्या हातच्या दातांनी माणूस मुका केला," म्हणाले.

यांनी दुसरी कवळी केली, टाळूशी पातळ. ती सुटली. तिसरी केली, मागची कड खोल बसवलेली. तीही ओढताना सुटली, फक्त जरा उशिरा. प्रत्येक वेळी हे बाबांकडे जायचे, बाबा आतल्या खोलीत दार लावून घ्यायचे, आत एक सूर उमटायचा, मग खट्ट. बाहेर येऊन बाबा म्हणायचे, "असू द्या जावईबापू, कशाला एवढा त्रास घेता?" जीभ नेमकी कुठे जाते हे कळावं म्हणून यांनी स्वतः एक माउथ ऑर्गन विकत आणला आणि मागच्या खोलीत बसून वाजवायला लागले. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मांजर पाळलंय का गं? त्याला काहीतरी होतंय."

मी म्हटलं, "अहो, आता पुरे. सिनेमे तरी बघा." तर सिनेमेही यांना गोड लागेनात. गर्दीतल्या माणसाचा चष्मा हरवला तरी यांना सोयरसुतक नाही.

एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि मागच्या खोलीत यांची एक जुनी, आवडती डॉक्युमेंटरी नुसतीच चालू होती. तिच्यात एक म्हातारा माउथ ऑर्गनवाला आहे. आधी तो आपल्या स्वयंपाकघरात बसून बोलतो, हसतो, तेव्हा त्याचे एकसारखे पांढरेशुभ्र दात दिसतात. "कवळी आहे, आणि कामही यथातथाच," असं हे दर वेळी म्हणायचे. मग त्याच संध्याकाळी तो स्टेजवर वाजवतो, गाल पार आत गेलेले. ते गाल आम्ही कितीदा पाहिले असतील. हे म्हणायचे, दिव्यांचा परिणाम.

अचानक आवाज थांबला. मागे गेला. पुन्हा थांबला. मग हे अंगठ्यावर मेण घेऊन स्वयंपाकघरात आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी घाबरले.

"त्याला दात नाहीयेत," हे म्हणाले.

"कोणाला?"

"म्हाताऱ्याला. स्टेजवर. वाजवायच्या आधी पाठ फिरवतो, हात तोंडाशी नेतो, मग कोटाच्या खिशात. दात काढून ठेवतो गं तो. आणि मी इकडे कवळ्यांवर कवळ्या करतोय."

जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला, दात नसले तरी चालतं हे सुचणार कसं? मलाही हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र दोघांनीही कपाळाला हात लावला, कारण हे बाबांना सांगायचं कोणी? "बाबा, चारचौघांत दात काढून ठेवा," असं मी पीटीच्या सरांना सांगणं शक्य नव्हतं, आणि जावयाने सांगणं त्याहून नाही.

हे म्हणाले, "आपण सांगायचंच नाही. नुसतं दाखवायचं."

आईला हाताशी धरून मी बाबांना रविवारी बोलावलं. नवी कवळी वगैरे काही नाही, नुसता चहा. बाबा आले, खुर्चीच्या टोकावर बसले. शर्टाच्या खिशात माउथ ऑर्गन होता. तो आईने टाकला होता, हे मला नंतर कळलं. यांनी सिनेमा लावला. एरवी दर मिनिटाला थांबवून दातांवर भाष्य करणारा माणूस त्या दिवशी रिमोट गुडघ्याखाली दाबून गप्प होता. म्हातारा स्वयंपाकघरात हसला. स्टेजवर आला. पाठ फिरवली. वाजवायला लागला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा दगडासारखा. माझा जीव टांगणीला लागला, की आता बाबा उठतील आणि पुन्हा कधी या घरात पाऊल ठेवणार नाहीत.

गाणं संपलं. बाबा म्हणाले, "जरा मागे घ्या."

यांनी मागे घेतलं. म्हाताऱ्याने पुन्हा पाठ फिरवली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर बाबा उठले. मला वाटलं, संपलं. पण ते दाराकडे गेले नाहीत. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली, अगदी त्या म्हाताऱ्यासारखी, आणि हात तोंडाशी नेला. मग क्षणभर नुसतेच उभे राहिले. त्यांच्या अंगात कोट नव्हता आणि शर्टाचा खिसा माउथ ऑर्गनने भरलेला होता. पाठमोरेच त्यांनी हात मागे केला आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "धरा, जावईबापू."

यांनी दोन्ही हात पुढे केले. कवळी खालची आणि वरची, वाकड्या दातासकट, यांच्या ओंजळीत आली. इतकी वर्षं यांनी कवळ्या केल्या, त्या सगळ्या यांच्या हातातून जाताना थंडगार असायच्या. ही गरम होती. हे तिच्याकडे बघतच राहिले.

बाबा वळले. पहिल्यांदा आईनेच त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, अगदी मामंजींसारखे दिसताय." बाबांच्या ओठांवर माउथ ऑर्गन टेकला होता, त्यातच त्यांना हसू फुटलं, आणि पहिला सूर हसण्यातूनच वाकून आला. मग त्यांनी श्वास आत ओढला. खट्ट झालं नाही. सूर लांब ओढला गेला, वाकला, थरथरला आणि पुन्हा सरळ झाला. आत गेलेले गाल आणखी आत गेले. ताठ पाठीचा तो माणूस गुडघ्यांत वाकून वाजवत होता, आणि मी लायब्ररीतली बाई, टेबल बडवत होते. आईच्या मांडीवरचे शेंगदाणे खाली सांडले, तिने उचलले नाहीत.

गाणं संपल्यावर आई आणि मी टाळ्या वाजवल्या. यांचे हात मोकळे नव्हते. ओंजळ छातीशी धरून हे जागच्या जागी पाय आपटत होते.