तू येतपर्यंत मी उठत नाही

फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "काका, बाबा गेले," मधूची मुलगी सुनीता म्हणाली. मी वेड्यासारखा बोलून गेलो, "अवं, मी तं त्याच्याकडेच येऊन राहिलो." जणू तेवढ्यावरून तो थांबणार होता. पिशवीत पावशेर गूळ होता. रविवारी आणतो असं मी त्याला कबूल केलं होतं, आणि तो दिवस रविवारच होता. या गुळाला तसा बावीस वर्षं उशीर झालेला. त्यात एका सकाळची भर पडली, एवढंच.

मधू ढोबळे हा सौंसरच्या बाजारातला टेलर. त्याच्या हातचे ब्लाउज शिवून घ्यायला बोरगावपासून बाया यायच्या, पण पंचक्रोशीतली माणसं त्याला 'सरदार' म्हणायची. आमच्या नाटकमंडळाकडे एकच नाटक होतं. लोधीखेड्याच्या एका हेडमास्तरांनी ते लिहिलं होतं आणि दुसरं लिहायच्या आत ते वारले. गोष्ट साधी. राजा सरदाराला पाठच्या भावासारखा वागवतो. एका सकाळी डमरू वाजवत दारावर आलेला, भविष्य सांगणारा पिंगळा सरदाराला सांगतो, तुझ्या कपाळी छत्र आहे. झालं, त्या दिवसापासून माणसाची झोप उडते. शेवटी शिकारीच्या मुक्कामात तो तंबूत झोपलेल्या राजाला मारतो, आणि राजाच्या उशाखाली त्याला फर्मान सापडतं... आपल्यामागे गादी यालाच द्यावी असं लिहिलेलं. मधू सरदार व्हायचा, मी राजा. फर्मान वाचताना त्याचा आवाज असा काही फाटायचा, की खाली मेलेल्या माझ्या अंगावर काटा यायचा. मेलेल्या माणसाला शहारा लपवणं फार कठीण असतं.

तालमीनंतर त्याच्या दुकानात बसलो की आमचा एक वाद ठरलेला. मी म्हणायचो, बिचाऱ्या सरदाराचा काय दोष, त्याच्या नशिबातच होतं. त्यावर मधू तोंडातली टाचणी काढून म्हणायचा, "पिंगळ्यानं कपाळ सांगतलं ना भाऊ. हात तं त्याचाच होता."

आमच्या मंडळाचा एक रिवाज होता. पडदा पडला की ज्यानं मारलं त्यानंच मेलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. तोवर मेलेल्यानं उठायचं नाही. नाहीतर नाटकातलं मरण घरापर्यंत मागे येतं, असं जुनी माणसं सांगत. मधूनं एकदाही चुकवलं नाही. त्याच्या कमरेच्या शेल्यात गुळाची पुडी असायचीच. "ऊठ राजा, उद्या हापिस हाय तुले," असं म्हणून तो मला ओढून उभा करायचा.

मग एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष माझ्या पांढुर्ण्याच्या ऑफिसात आले. म्हणाले, "मधू आता थकला. आवाज बसून राहिला त्याचा. सरदार तुम्हीच करा, तुमच्यात दिसते तो मले." आवाज बसला होता हे खरं, पण तो सर्दीनं. मला ते माहीत होतं. चौदा वर्षं मी मेलेलाच होतो, आणि उभ्यानं टाळ्या घ्यायची हाव मलाही होतीच. मी म्हणालो, मधूला वाईट वाटेल. अध्यक्ष म्हणाले, वाटू द्या. त्यापुढे मी काही बोललो नाही. पिंगळ्याला कुठं डमरूच लागतो असं नाही.

सरदाराचा हिरवा अंगरखा मधूनं स्वतः शिवला होता, स्वतःच्या मापाचा. तो लहान करायला मला त्याच्याच दुकानात जावं लागलं. त्यानं गळ्यातला टेप काढला आणि माझं माप घेतलं. "छाती दोन इंच कमी हाय तुही," एवढंच म्हणाला. चार दिवसांनी अंगरखा हातात देताना म्हणाला, "वार करताना हात लय वर नेऊ नको. शिवण उसवंल." त्या वर्षी राजा तो झाला.

प्रयोग मोहगावला, शाळेच्या पटांगणात, दुपारी. मी मधूला मारलं, फर्मान वाचून रडलो, पडदा पडला. आणि पडद्याच्या फटीतून अध्यक्षच हार घेऊन आत आले, मला धरून लोकांमध्ये घेऊन गेले. कोणी पाठ थोपटत होतं, कोणी फोटो काढत होतं. किती वेळ गेला कोण जाणे... राणीचं काम करणाऱ्या कमलबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मधूभाऊ अजून थेच पडून हायेत." मी धावलो. तंबूचं कापड सोडायचं होतं म्हणून पडदेवाल्यानं तोवर त्याला उठवलं होतं. तो खुर्चीत बसून मिशी काढत होता. मी म्हणालो, गर्दीत राहून गेलं रे. गूळ माझ्या शेल्यात तसाच होता, पण तो काढायचा मला धीर झाला नाही. मधू म्हणाला, "होते असं. अंगरखा काचला तं नाही ना?"

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. विचारलं की म्हणायचा, शिलाईतून फुरसत नाही. पुढच्या वर्षी मंडळही बंद पडलं, नाटकाचे कपडे मधूच्या दुकानात गेले. आमचं जाणं-येणं राहिलं, सुनीताच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. पण तो विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. खरं सांगायचं तर मला माझी लाज वाटत होती, आणि त्या लाजेतच मी बावीस वर्षं काढली.

शेवटचा भेटलो तेव्हा तो दुकानामागच्या खोलीत खाटेवर होता. उठून बसायची धडपड करत होता, म्हणून मी हात दिला. त्यानं तो धरला, बसला, पण हात सोडला नाही. "उठवलं बापा एकदाचं," तो म्हणाला. आणि मग हसून, "गूळ?"

मी म्हणालो, रविवारी आणतो.

"आन. तू येतपर्यंत मी उठत नाही."

मी पोचलो तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. सुनीता म्हणाली, काका, पाणी घाला. मी तुळशीपानानं पाणी घातलं. गूळ पिशवीतच राहिला. उठवता येत नसेल तर गूळ कोणत्या तोंडानं द्यायचा?

तेराव्याला सुनीतानं दुकानाच्या कपाटातून तो हिरवा अंगरखा काढून दिला. घरी आणून मी तो उलटा केला. मधूनं दोन इंच कापड कापलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी आत दुमडून, समोर मशीन असताना, हाताचा कच्चा टाका घातला होता. एक टोक ओढलं की पुन्हा त्याच्या मापाचा व्हावा असा. बावीस वर्षं तो टाका तसाच होता. एकदा कोणी म्हणायला हवं होतं, मधू, सरदार तूच कर. मला म्हणता आलं असतं.

मी दोरा ओढला. आतलं कापड अजून कोरं हिरवं होतं. अंगरखा आता माझ्या खोलीत खुंटीवर आहे, मधूच्या मापाचा. मला तो सैल होतो.