अथेन्सच्या हवेतले व्याही

ग्रीस देशात एकदाही पाऊल न ठेवता कायम ग्रीसमध्येच राहणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघावा! आता राहतात ते सिंगापुरात, बुकित बातोकला, नवव्या मजल्यावर, लेकीच्याच घरी. मी दोन ब्लॉक पलीकडे. पण सकाळी चहाच्या आधी फोनवर हवामान बघतात ते अथेन्सचं. तिथे कोरडं असलं की छत्री घरी. आता सिंगापूरचं आभाळ काय अथेन्सला विचारून फुटतं? चार वाजता धो धो कोसळतं आणि आमचे व्याही हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवरून कॉफीची पिशवी सांभाळत चिंब होऊन येतात. नात दारातूनच ओरडते, "आजोबा, रेनिंग ला! अम्ब्रेला कुठेय?" हे डोकं पुसत म्हणणार, "अगं, तिकडे उन्हाळ्यात थेंब नाही. पाऊस सगळा हिवाळ्यात. आपल्या अगदी उलट." आणि डिसेंबरात अथेन्सला पाऊस असला की इथे कडक उन्हातही काखेत छत्री.

याचं मूळ आहे बोटीत. जन्म गेला इंजिन रूममध्ये. अथेन्सच्या पिरेउस बंदराला बोट तीनदा लागली आणि तिन्ही वेळा इंजिनाने नेमकं तिथेच अंग टाकलं. बाकीची पोरं गाव बघून यायची, हे खाली तेलात. एकदा फक्त पाच मिनिटं डेकवर येऊन समोरचे डोंगर बघितले. त्या पाच मिनिटांवर माणसाने तीस वर्षं काढली हो.

लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मी पोहे दिले. म्हटलं, आता मानपानाचं निघेल. तर यांनी ताटलीत पोह्यांचा पंजा केला. "हे ग्रीसचं दक्षिण टोक, पेलोपोनीज, विहीणबाई. आणि ही चिंचोळी पट्टी, एवढ्यावर ते मुख्य जमिनीला जोडलेलं." मग चमच्याने ती पट्टी कापली. "इथे कालवा खणला. झालं बेट!" खोबऱ्याचे कण सगळे समुद्रातली बेटं झाले. डोंगर फार, पिकाऊ जमीन थोडी, म्हणून माणसं बोटीत बसली, हे सगळं सांगून होईस्तोवर पोहे गार. व्याह्यांना खोटं पाडायचं नाही ही आमच्या घरची रीत, त्यामुळे मी मान डोलावत राहिले. ती डोलावलेली मान मग सोळा वर्षं थांबली नाही.

एकदा स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. प्लंबर ओणवा होऊन आत हात घालतोय आणि हे त्याच्या डोक्यावर उभे राहून सांगतायत की ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या जुन्या राजवाड्यात, अहो लोखंडाचा पत्ता नव्हता तेव्हा, भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवलेले होते, एक टोक रुंद, एक निमुळतं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, आतून म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवायचं होतं! हा बिचारा तरी सुटला असता."

तर यांची पंचाहत्तरी आली. लेकीने आणि जावयाने ठरवलं, ग्रीसची तिकिटं काढायची. मला वाटलं, गृहस्थ नाचेल. तर चेहरा एकदम पडला. "ऑगस्टात नको, उत्तरेचा वारा सुटतो, बोटी अडकतात." बरं, ऑक्टोबर? "पाऊस सुरू होतो." मे? "तिकडे सांतोरिनीचा ज्वालामुखी आहे, झोपलेल्याचा भरवसा काय?" जावई म्हणाला, "बाबा, मग जून?" "जूनमध्ये ऊन फार."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. सोळा वर्षांत पहिल्यांदा रीत मोडली. म्हटलं, "व्याहीबुवा, जूनसारखी हवा नाही हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. खोटं बोलताय तुम्ही."

लेकीने माझ्याकडे डोळे वटारले. व्याह्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे विहीणबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. हळूच म्हणाले, "तिला चढवणार नाहीत हो ते डोंगर. एकटा काय बघू?"

विहीणबाईंचे गुडघे गेले असतील, कान शाबूत आहेत. आतून आवाज आला, "बोटीवर आठ-आठ महिने जायचात, तेव्हा मला विचारलंत? आता बरं सुचलं नवरेपण! जा, बघा आणि येऊन सांगा. ऐकायची सवय आहे मला."

गेले मग जूनमध्ये, मुलाला घेऊन. मी विहीणबाईंच्या सोबतीला. निघताना बॅगेत काळी छत्री दिसली. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तिकडे आता थेंब नाही ना?" यांनी बॅगेची चेन ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. इथे दुपारचे चार, बाहेर नेहमीसारखं आभाळ फाटलेलं. फोनमध्ये निळंशार आकाश, पांढरे दगड, टोप्या घातलेली माणसं, आणि मधोमध छत्री उघडून उभे आमचे व्याही.

"ऊन लागतंय का हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"छे, छे. तुमच्याकडे पाऊस आहे ना? सकाळी चहाच्या आधी फोनवर बघितलं मी, बुकित बातोकचं."

"वेडे की काय! मिटा ती, लोक हसतायत."

मिटली नाहीच. फोन फिरवून त्यांनी खाली लांबवर समुद्र दाखवला, आणि काही म्हणजे काही सांगितलं नाही. पोह्यांवर तासभर बोलणारा माणूस! नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला, मग फोन बंद झाला.

आम्ही दोघी खिडकीशी बसलो. मी चहा केला. थोड्या वेळाने पाऊस ओसरला, समोरच्या ब्लॉकवर ऊन आलं. विहीणबाई पदराने फोनची काच पुसत म्हणाल्या, "इथला थांबला म्हणून कळवा हो त्यांना. नाहीतर तसेच उभे राहतील."