नॉर्मनसाठी कोण रडणार?

माणूस गेला की त्याचे किस्से पाव्हण्यांसारखे येतात. एकाला बसायला पाट द्यावा, तर दुसरा दारात चपला काढतोय. नॉर्मन गेल्या आठवड्यात गेला, तेव्हापासून माझ्याकडे हीच वर्दळ आहे.

नॉर्मन विलायतेतला म्हातारा नट. हीरो नव्हे, हीरोच्या आसपासचा. पुष्कळ सिनेमे केले आणि उतारवयात सिंगापूरला येऊन राहिला. ईस्ट कोस्टला समुद्राकडे तोंड केलेला एक बाक आहे. सकाळी तिथं आम्ही तिघं बसायचो: तो, मी आणि बँकेतून रिटायर झालेले कुलकर्णी. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं. कुलकर्णींना दोन्ही येतं, त्यामुळं चहा नेहमी त्यांचाच गार व्हायचा.

*

पहिल्याच दिवशी कुलकर्णी त्याला म्हणाले, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

"मरताना पाहिलं असेल," नॉर्मन म्हणाला.

खरंच होतं ते. प्रत्येक सिनेमात तो मरायचा, तोही निम्मा सिनेमा व्हायच्या आत!

*

एकदा माझ्या मुलानं त्याचा सिनेमा घरी टीव्हीवर लावला. नॉर्मनलाही बोलावलं. आमची ही चहा टाकायला उठली. कप घेऊन परत येते, तर टीव्हीत नॉर्मन नाही.

"अगंबाई, कुठं गेले?"

नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, अंकल डाइड ऑलरेडी लाह!"

हिनं सोफ्यावरच्या नॉर्मनपुढं कप धरला. "असू दे. चहा घ्या."

*

मी एकदा कुलकर्णींकरवी त्याला विचारलं, "कायम तुलाच का रे मारतात?"

"डायरेक्टर म्हणायचे, तुझा चेहरा फार चांगला आहे. मेलास तरी कोणी विचारणार नाही, असा." स्वतःच हसला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "इतक्यांदा मेलो, पण माझ्यासाठी कोणी रडलं नाही. हीरो नुसता ओलांडून जातो. एकदा तरी कोणीतरी रडायला हवं होतं."

कुलकर्णींनी हे मला सांगितलं आणि बराच वेळ चहा ढवळत बसले. चहा बिनसाखरेचा होता.

*

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत कुलकर्णींनी नाटक बसवलं. गोरा साहेब नॉर्मन, साहेबाचा आचारी मी. साहेब मरतो, आचारी धाय मोकलून रडतो, पडदा. सगळं नॉर्मनसाठीच बेतलेलं.

तालमी क्लेमेंटीला एकाच्या फ्लॅटवर व्हायच्या. मला काही रडू येईना. मेलेल्या नॉर्मनचं पोट खालीवर व्हायचं आणि मला हसू फुटायचं.

"तात्या, माणूस गेलाय हो!" कुलकर्णी माझ्यावर ओरडायचे.

"गेलाय कुठं? श्वास घेतोय की!"

नॉर्मन मेल्या मेल्या विचारायचा, "काय म्हणतोय?"

*

प्रयोगाच्या दिवशीही तेच. साहेब मेले. मी गुडघ्यांवर बसलो, खांद्यावरच्या फडक्यात तोंड खुपसलं. पाणी म्हणून नाही डोळ्यांत.

पडदा ओढणाऱ्याला सांगून ठेवलेलं, रडणं ऐकू आलं की ओढ. मी रडेना, तो ओढेना. विंगेतून कुलकर्णी, "तात्या, रडा! पाया पडतो, रडा!"

शेवटी कोणीतरी हुंदका दिला. काय हुंदका होता! पार मागच्या रांगेपर्यंत गेला. पडदा पडला. टाळ्याच टाळ्या!

नॉर्मन उठला, कोट झटकला आणि म्हणाला, "शेवटी माझं मलाच रडावं लागलं."

*

आता गेल्या आठवड्यातलं. त्याची मुलगी विलायतेहून आली होती. अंत्यविधीच्या हॉलमध्ये मोजकी माणसं, काळ्या कपड्यांतली, सगळी शिस्तीत बसलेली. कोणी डोळासुद्धा पुसला नाही. मी शवपेटीजवळ जाऊन उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही. दारावरचा वॉचमन आत डोकावून गेला.

मुलीनं कुलकर्णींना हळूच विचारलं, हे कोण?

कुलकर्णी गडबडले. "हे त्यांचे... आचारी."

ती उठून आली. माझे दोन्ही हात धरले, काहीतरी बोलली.

"विचारतेय," कुलकर्णी खाली बघत म्हणाले, "तुमच्या हातचं बाबांना काय आवडायचं?"

आता काय सांगणार?

"पिठलं," मी म्हटलं.

कुलकर्णींनी तिला पिठलं म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगितलं. बेसन, लसूण, फोडणी, सगळं.

मग तीही रडायला लागली.