व्याह्यांचे झटपट सोयाबीन

अतिथीला देव मानणारी माणसे या जगात पुष्कळ आहेत. परंतु तो देव दाराशी येण्यापूर्वीच, किंबहुना तो येणार आहे की नाही याची कसलीही खात्री नसताना, त्याच्यासाठी रोज सायंकाळी वाटीभर सोयाबीन भिजत घालणारा पुरुष मी माझ्या दीर्घ आयुष्यात एकच पाहिला, आणि ईश्वरकृपेने तो माझा व्याही आहे. चिमूरकडच्या एका गावात त्यांचे घर; घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि त्यापलीकडच्या उंचवट्यावर सोयाबीन. पाहुणा अंगणात आला की हे त्याला रामराम घालण्याआधी बजावणार, "चप्पल काढेपर्यंत तयार होते, बसा!" आणि खरोखरच, पाहुणा पाय धुऊन खाटेवर टेकतो न टेकतो तोच पळसाच्या पानांचा द्रोण त्याच्या हाती येई. त्यात कुरकुरीत, लालभडक, नाकाला झणका देणारे सोयाबीन. हा पदार्थ अत्यंत झटपट होतो, असा त्यांचा जन्मभराचा दावा आहे. मी एकदा नम्रपणे विचारले, "व्याहीबुवा, दाणे आदल्या रात्रीपासून भिजत असतात, मग याला झटपट कसे म्हणावे?" त्यावर ते म्हणाले, "रातचं काम सोयाबीन करते भाऊ, मी थोडी करतो! मी त झोपून राह्यतो." माझ्या न्यायशास्त्राच्या अध्ययनात या युक्तिवादाचे खंडन मला सापडलेले नाही. एखादे दिवशी कोणीच आले नाही, तर भिजलेल्या दाण्यांची दुसऱ्या दिवशी भाजी होई. माझी कन्या त्या घरी नवी असताना मला म्हणाली होती, "बाबा, आमच्याकडे सोयाबीनची भाजी झाली म्हणजे समजावे, काल कोणी आले नाही. त्या दिवशी मामंजी फार बोलत नाहीत."

त्यांची कृती त्यांनी कोणापासून लपवली नाही. उलट न विचारणाऱ्यालाही ती ऐकावी लागते. भिजलेल्या दाण्यांना सकाळी एक वाफ द्यायची, पंच्यावर पसरून कोरडे करायचे, पाहुण्याची चाहूल लागली की तांदळाच्या पिठात घोळवून कडकडीत तेलात सोडायचे. दाणे वर येऊन बोलू लागले की काढायचे. हे 'बोलणे' त्यांना ऐकू येते. कढईशी कान नेऊन ते म्हणत, "अजून कच्चं बोलून राह्यलं हे." मग परातीत भिवापुरी मिरचीचे तिखट, जिऱ्याची पूड, मीठ आणि वरून सांभार. कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला त्यांच्याच घरी प्रथम कळले, आणि नुकतीच मुंज झालेला मुलगा गायत्री म्हणतो तसा मी तो शब्द पुढे महिनाभर घरी वापरत होतो. माझ्यासाठी ते लसूण घालीत नसत. "आज लसूण सुट्टीवर," असे ते सर्वांना जाहीर करीत आणि लसूणप्रिय शेजाऱ्यांकडे क्षमायाचनेच्या नजरेने पाहत. मला स्वतःला या धान्याविषयी प्रारंभी शंका होती. चातुर्मासात काय खावे आणि काय वर्ज्य करावे याची चर्चा मी जन्मभर वाचत आलो आहे. तिच्यात सोयाबीनचा निषेध नाही आणि विधानही नाही. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी विलक्षण समाधानाने मान डोलावली. "म्हणजे ऋषींनं नाई म्हणलं नाई," ते म्हणाले, आणि द्रोण पुढे केला.

त्यांचा माझा पहिला परिचय झाला तोही याच पदार्थापायी. चंद्रपुरात आमच्या घरी ते सपत्नीक माझ्या कन्येला पाहण्यास आले होते. पोहे झाले, चहा झाला, कन्या येऊन नमस्कार करून गेली. आता हे काही प्रश्न विचारतील म्हणून आम्ही सावरून बसलो, तो हे उठून उभे राहिले. "पोरगी झाली पाहून, चांगली हाये. आता कढई कुठी हाये तुमची?" त्यांच्या पिशवीत भिजलेले सोयाबीन फडक्यात बांधून आणलेले होते. आमच्या स्वयंपाकघरात सोवळ्याखेरीज कोणी जात नाही, हे मी शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितले. मला वाटले, विषय संपला. ते म्हणाले, "मंग न्हाणी कुठी हाये?" चांगला चार हात उंचीचा तो गृहस्थ स्नान करून माझे रेशमी सोवळे नेसून बाहेर आला, तेव्हा ते वस्त्र त्यांच्या गुडघ्यांपर्यंतही पोहोचत नव्हते. त्यांच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "बाई, तुमच्या देवाले तिखट चालते का?" त्यांनी आतून विचारले. "देवाला चालते," माझी पत्नी म्हणाली, "आमच्या यांना चालत नाही." विवाह त्याच दिवशी ठरला.

आमच्या कुळात कन्यादान करणारा पिता लेकीच्या घरी अन्न घेत नाही. ही रीत मी निष्ठेने पाळत होतो. लग्नानंतर प्रथम गेलो तेव्हा व्याह्यांनी पान मांडले, मी हात जोडले. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले. ते एकवार बांधीकडे पाहून म्हणाले, "जेवण चालत नाई ना? पण हे जेवण थोडी होय भाऊ, हे त चटरमटर!" आणि द्रोण माझ्या हाती ठेवला. तेव्हापासून त्या घरातील एवढ्या एकाच पदार्थावर माझा हक्क राहिला. मात्र रीतीचा दुसरा भाग मी सोडला नाही: लेकीच्या घरी जे समोर येईल त्याला नाव ठेवायचे नाही.

यानंतर आम्ही चौघे, म्हणजे दोन्ही जोडपी, यात्रेकरूंच्या एका मंडळीबरोबर काशीस गेलो. तेथे गंगेत उभे राहून आपली आवडती वस्तू सोडण्याची प्रथा आहे, आणि माणसे ती किती चतुरपणे पाळतात हे त्या घाटाइतके कोणालाच ठाऊक नसेल. आमच्या बरोबरच्या एका सद्गृहस्थाने फणस सोडला, जो आमच्याकडच्या बाजारात क्वचितच दिसतो. दुसऱ्याने दोडके सोडले. मी काय सोडले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. व्याह्यांची पाळी आली तेव्हा विहीणबाई मागून कुजबुजल्या, "अजी, कारलं म्हणा, कारलं!" हे कमरेइतक्या पाण्यात उभे, डोळे मिटलेले. आणि मोठ्याने म्हणाले, "माहं तळलेलं सोयाबीन." विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. घाटाच्या पायऱ्यांवर ओली वस्त्रे पिळत त्यांनी विचारले, "आता बनवाचंही सोडलं का?" "बनवाचं काऊन सोडू?" हे म्हणाले, "लोकायनं काय पाप केलं?"

परतल्यावर त्यांचे हाल मला पाहवेनात. ज्याने स्वतःच्या हाताचा तो पदार्थ रोज खाल्ला होता, तो आता परात ढवळून दूर उभा राही आणि आमच्या जबड्यांकडे पाही. व्रताला परिहार असतो, दानदक्षिणा करून असा नियम सैल करता येतो, असे मी त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "गंगेले दिलं भाऊ," ते म्हणाले, "दिलेलं वापस मांगाले जाऊ का आता? अन् तिकीटही लय लागते."

मग मिठाचा प्रश्न उभा राहिला, कारण चाखायचे कोणी? ते काम विहीणबाईंकडे आले. त्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या असत. हे परातीतला एक दाणा नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवीत. त्या डोळे मिटून सावकाश चावत. पाहुणे ताटकळत. मग डोळे उघडून त्या म्हणत, "चिमूटभर अजून टाका जी. दर खेपेले कमी कसं पडते तुमचं?" "हात म्हातारा झाला," हे म्हणत. "हात कायचा, ध्यान नाई!" मग त्या आमच्याकडे वळून सांगत, "माह्यावाचून यायचं मीठच लागत नाई पाहा." या वाक्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे सांगणे कठीण होते. चिमूट पडे, परात एकदा हलवली जाई, आणि पदार्थ असा जमून येई की त्याला उपमा द्यावीशी वाटू नये.

गेल्या वर्षी सोयाबीनची सोंगणी चालू असताना थोड्याशा तापाचे निमित्त होऊन विहीणबाई गेल्या. त्यानंतर एकदा कन्येचा फोन आला. ती इकडचे तिकडचे बोलली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, मामंजी आता सोयाबीन भिजत घालत नाहीत." त्या घरावर कोसळलेल्या दुःखाचे माप मला त्या वाक्याने कळले. पुढे काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा भिजत घालायला आरंभ केला, तेव्हा मी देवापुढे निरांजन लावले. परंतु कन्येच्या बोलण्यात एक नवी काळजी होती. "दर वेळी मीठ किंचित कमी असते, बाबा. ते दाणा माझ्या हातावर ठेवतात आणि समोर उभे राहतात. 'कसं झालं बाई?' म्हणून विचारतात. मी कशी सांगू? मी म्हणते, छान झालंय." गावातली मंडळीही तेच म्हणत होती. सासऱ्याला सून बोलणार नाही, दुःखितापुढे शेजारी बोलणार नाही, आणि स्वतः चाखण्याचा मार्ग त्यांनी गंगेत सोडलेला. ज्या एका गोष्टीसाठी पंचक्रोशीत त्यांचे नाव होते, ती दिवसेंदिवस उणी पडत चालली आहे आणि ते त्यांना कोणीच सांगत नाही, या विचाराने मला चैन पडेना. जन्मभर सत्याची थोरवी सांगत आलेल्या माणसाने एवढे एक लहानसे सत्य त्यांना सांगावे, असे मी ठरवले. लेकीच्या घरच्या अन्नाला नाव ठेवू नये ही रीत एका दिवसापुरती बाजूला ठेवण्याची अनुज्ञा मी पूर्वजांकडे मागून घेतली आणि चिमूरची बस धरली.

त्यांनी अंगणातूनच आरोळी दिली, "चप्पल काढेपर्यंत तयार होते, बसा!" आवाज पूर्वीचाच होता, मात्र वाक्याच्या शेवटी तो थोडा खाली बसला. कढई चढली, लसूण सुट्टीवर गेला, दाणे बोलू लागले. परात हलवून त्यांनी सवयीने एक दाणा उचलला आणि ते दाराकडे वळले. तेथे सूप भिंतीला टेकून ठेवलेले होते. मग ते माझ्याकडे आले आणि तो दाणा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "कसं झालं भाऊ?"

मी चावून पाहिला. डोळे मिटले, ते चवीसाठी नव्हे. मग म्हणालो, "व्याहीबुवा, चिमूटभर अजून हवे."

कन्या आतल्या दाराशी आली. व्याह्यांनी मिठाच्या बरणीचे झाकण काढले, चिमूट घेतली, आणि परातीवर हात नेऊन तो तसाच धरून ठेवला. नंतर सावकाश ती चिमूट परत बरणीत टाकली आणि झाकण लावले.

"मले माहीत हाये भाऊ," ते म्हणाले. "काशीवरून आलो तेव्हा पयल्या खेपेले मीठ बराबर पडलं होतं. तिनं चाखलं, बराबर हाये म्हणलं, अन् उठून कामाले गेली. दुसऱ्या खेपेले मी चिमूटभर कमी टाकलं. तर मंग थांबली, बसली, लय बोलली मले." ते किंचित हसले. "तेव्हापासून एक चिमूट मी मांगंच ठेवत होतो. ते चिमूट तिची होती. आता राहू द्या."

मी द्रोण हाती घेऊन त्यातला शेवटचा दाणाही खाल्ला, आणि रीत मोडल्याचे मला जे ओझे वाटत होते, ते त्याहून मोठ्या एका ओझ्याखाली कोठे दिसेनासे झाले. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे डबा भरून दिला. "बाईले द्या," ते म्हणाले, "अन् त्यायनं काय म्हणलं ते मले सांगजा."

सायंकाळी मी घरी पोहोचलो. पत्नीने डबा उघडून दोन दाणे तोंडात टाकले, आणि सवयीने तिचा हात मिठाकडे गेला. "कमी पडले आहे हो यात," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हणालो. "ते तसेच आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, बरणी होती तेथे ठेवली, आणि काही न विचारता आणखी दोन दाणे घेतले. संध्येची वेळ होत आली होती. तरीही त्या दिवशी मी बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी, ती डबा रिकामा करी तोवर, तिच्याजवळ बसून राहिलो.